‘खायचं काही आणलंय का?’ या प्रश्नाला ‘हो’च म्हणा

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. पुढच्या महिन्यात तिचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणून मी आणि माझे यजमान सहा महिन्यांसाठी जातोय. मुंबई ते अबू धाबी आणि तिथून न्यूयॉर्क. दोघांच्या मिळून २३ किलोच्या चार बॅगा. डिंकाचे आणि आळिवाचे लाडू, घरचं साजूक तूप, गोडा मसाला, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, कैरीचं लोणचं, कुरडया, पापड, कंदी पेढे, थोडा इंद्रायणी तांदूळ, ताजा कढीपत्ता, बाळगुटीचं सामान, धुरीसाठी चार गोवऱ्या आणि जावयासाठी डझनभर हापूस, एवढं न्यायचं मनात आहे. शिवाय मुलीच्या मैत्रिणींनी मिळून २० किलो मसाला आणि भाजणी मागवली आहे, पैसे देणार आहेत. शेजारचे सांगतात, ‘खाण्याचं काही नाही’ म्हणून सांगून टाका, कोणी बघत नाही. आमचं इंग्रजी जेमतेम आहे. काय न्यावं, काय नको?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचा सल्ला तेवढा बाजूला ठेवा, बाकी सगळ्यातून वाट निघते.

न चालणारा पदार्थ बॅगेत असला आणि तुम्ही तो आपणहून सांगितला, तर अमेरिकेचा अधिकारी तो काढून घेतो, नष्ट करायला पाठवतो आणि तुम्ही पुढे जाता. दंड नाही. तोच पदार्थ असून ‘नाही’ म्हणालात आणि सापडला, तर पहिल्याच खेपेला, घरगुती प्रमाणात असला तरी, १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. माल विकायला आणलाय असं ठरलं तर याहून बराच जास्त. म्हणजे एखादा पेढा चालेल का, या चिंतेपेक्षा तो सांगितला का, हे महत्त्वाचं. ‘कोणी बघत नाही’ म्हणाल, तर बॅगा क्ष-किरण यंत्रातून जातात आणि अमेरिकेतल्या विमानतळांवर बीगल जातीची कुत्री सामानाच्या पट्ट्याजवळ फिरत असतात. ही कुत्री जॉर्जिया राज्यातल्या न्यूनन इथल्या केंद्रात तयार होतात. त्यांना सुरुवातीला जे पाच वास शिकवतात ते सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, डुकराचं मांस, गोमांस आणि आंबा. तुमचा हापूस कितीही टॉवेलात गुंडाळला तरी त्या कुत्र्याचा पहिलाच धडा तो आहे.

तुमच्या प्रवासात एक गोष्ट वेगळी आहे. अबू धाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांची इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी अबू धाबीलाच होते, तिथे अमेरिकेचे अधिकारी बसतात. न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारख्या उतरून थेट बॅगा घेऊन बाहेर पडता. त्यामुळे ‘खायचं काही आहे का’ हा प्रश्न बॅगा हातात नसताना विचारला जाईल. कुठल्या बॅगेत काय आहे हे तोंडपाठ नसलं तरी कागदावर हवं. दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर तिकीट बदलता येतं का ते पाहा. थेट विमानाने जाणाऱ्यांचं वेगळं असतं. त्यांना अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात, पुढचं विमान पकडायचं असलं तरीही.

अबू धाबीचा दुसरा अर्थ खसखस. डिंकाच्या लाडवात, गोड्या मसाल्यात आपण ती सवयीने घालतो. संयुक्त अरब अमिरातीत ती अफूच्या झाडाची म्हणून बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते आणि तिथला कायदा या बाबतीत अजिबात मऊ नाही. तुम्ही तिथे फक्त विमान बदलणार असलात तरी बॅग त्यांच्या जमिनीवर उतरते. या प्रवासाच्या लाडवात आणि मसाल्यात खसखस घालूच नका, आणि वेगळी पुडी तर नकोच. आधीच करून ठेवलेल्या मसाल्यात ती असेल, तर तो मसाला घरी वापरा आणि नेण्यासाठी नवा करा. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनाही हेच लागू, तिथेही खसखशीला बंदी आहे. (मुलीला लाडवात ती हवीच असेल तर अमेरिकेत दुकानातून घेऊन तिथे वरून भाजून लावता येईल.)

आता मुंबईचं विमानतळ, कारण पहिला अडसर तिथेच येतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानाच्या बॅगेत चालत नाहीत. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, बंद जागेत उष्णता साठली की ते आपणहून पेट घेऊ शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे : यूएन १३६३. मार्च २०२२ पासून आपल्याकडे चेक-इन बॅगेतल्या सुक्या खोबऱ्यावर स्पष्ट बंदी आहे. तेव्हापासून बॅग उघडून वाट्या काढून घेण्याचे प्रकार नेहमीचे झालेत, आणि तेवढ्यासाठी विमान सुटायच्या आधी घाम फुटतो. किसून, भाजून, गुळात वळलेलं लाडवातलं खोबरं ही वेगळी गोष्ट, त्याला कोणी वाटी म्हणत नाही. पण ‘तिथे मसाला करायला असू दे’ म्हणून चार वाट्या कोंबू नका.

विमानतळावरची दुसरी अडचण पिठांची. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हाताच्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे शीतपेयाच्या एका डब्याहून अधिक, पूड असेल तर जादा तपासणी होते आणि ती काय आहे हे ठरवता आलं नाही तर आत नेऊ देत नाहीत. हा नियम जून २०१८ च्या शेवटापासून आहे. भाजणी, मेतकूट, मसाले, नाचणीसत्त्व सगळं खालच्या बॅगेत. लोणचं आणि तूपही तिथेच. केबिनमध्ये पातळ आणि तेलकट पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, लोणच्याच्या बरणीला तिथे दयामाया नाही.

यादीतला तांदूळ काढा. इंद्रायणीचा वास कितीही आठवत असला तरी काढा. खापरा नावाचा एक किडा आहे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, साठवलेल्या धान्याचा शत्रू, आणि मूळचा आपल्याच भागातला. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, फळीच्या फटीत अन्नावाचून वर्षानुवर्षं दडून राहू शकते, औषधालाही दाद देत नाही. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला आणि तो निपटून काढायला १९६६ पर्यंतचा काळ आणि सुमारे १ कोटी १० लाख डॉलर लागले. त्यामुळे ज्या देशांत खापरा आहे तिथून प्रवाशांनी घरगुती प्रमाणात आणलेल्या तांदळाला २०११ पासून अमेरिकेत बंदी आहे. भारत त्या देशांत येतोच. तांदूळ एक किलो असो की एक मूठ, नियम तोच.

ही मूठ महत्त्वाची आहे, कारण मराठी बायकांच्या सामानात तांदूळ न ठरवता शिरतो. निघायच्या दिवशी कोणीतरी ओटी भरतं. त्यातले तांदूळ, हळकुंड, सुपारी रुमालात बांधून पर्समध्ये जातं आणि विसरलं जातं. मुलीच्या डोहाळेजेवणासाठी म्हणून कोणी खणनारळाबरोबर तांदळाची पिशवी देतं. देवळातल्या अक्षता पाकिटाच्या कप्प्यात असतात. हे सगळं घरीच देवापुढे ठेवून निघा. तिथे ओटी भरायला तांदूळ आणि नारळ दोन्ही न्यू जर्सीच्या कुठल्याही भारतीय दुकानात मिळतात. एडिसनचा ओक ट्री रोड तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. याच कारणाने अख्खे हरभरे, तूर, मटकी, गहू हेही नेऊ नका. ते तिथे किलोंनी मिळतात आणि अख्खा कोरडा दाणा दिसला की अधिकारी पिशवी उलटी करून बारकाईने बघतो.

भाजणीचं मात्र नावच भाजणी आहे. धान्य भाजून दळलेलं असतं, त्यात कीड जिवंत राहायला किंवा दाणा उगवायला जागा नाही. मेतकूट, गोडा मसाला, सुंठीची पूड यांचंही तेच. सुके मसाले अमेरिकेत चालतात आणि भाजून दळलेल्या पिठांची सहसा अडचण येत नाही. कुरडया शिजवून वाळवलेल्या, पापड लाटून वाळवलेले, तेही तसेच. हिंग नेणार असाल तर डबीला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घाला, नाहीतर न्यूयॉर्कला पोचेपर्यंत बाळाच्या दुपट्यालाही हिंगाचा वास येईल.

कढीपत्ता अजिबात नाही, ताजा नाही आणि वाळवलेलाही नाही. आपल्या विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदारांना सिट्रस सायला ठाऊक आहे. पानावर बसणारी ती बारीक कीड कढीपत्त्याच्या पानांवरही पोसते, कारण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. ती जो ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते त्याला औषध नाही. झाड वर्षानुवर्षं झुरतं, फळं हिरवी आणि वाकडी राहतात. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला. २००३–०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या, २०२२–२३ मध्ये २ कोटींच्याही आत. मधे चक्रीवादळांनीही हात धुऊन घेतला, पण मुख्य घाव या रोगाचा. त्यामुळे कढीपत्त्याच्या एका काडीवर ते इतके का चिडतात हे समजण्यासारखं आहे. बेलाची आणि लिंबाची पानं त्याच कुळातली, पूजेच्या सामानातून तीही काढा. गजरा, तुळशीची मंजिरी, दूर्वा, ताजं काहीही नको. मुलीच्या अंगणात पेरायला म्हणून मेथी-भोपळ्याच्या बियांची पुडी घेणार असाल, तर पेरणीच्या बियाण्याला वेगळे कागद लागतात. राहू द्या.

हापूस बॅगेतून जात नाही. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं ते व्यापारी मालाला, आणि एका अटीवर : फळाला किमान ४०० ग्रे एवढ्या मात्रेचं विकिरण द्यायचं. कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांची पुढची पिढी थांबावी म्हणून. लासलगावचं ‘कृषक’ केंद्र आणि वाशीची पणन मंडळाची सुविधा याच कामाच्या. तिथून कागदपत्रांसह निघालेली पेटीच चालते. मे २०२५ मध्ये तर विकिरण झालेल्या आंब्याच्या खेपासुद्धा कागदातल्या चुकीसाठी अमेरिकेत अडवल्या गेल्या. मग सुटकेसमधला डझन कुठे टिकणार? जावयाला आमरसाचा कारखान्यात सील केलेला डबा द्या, तो चालतो. आणि विमानात मिळालेलं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये टाकू नका. विमानातच खा, साल तिथेच द्या. दंड झालेल्यांमध्ये अशा एका सफरचंदाचे धनीही आहेत.

दुधाचं प्रकरण थोडं नाजूक आहे. त्यांची भीती गुरांच्या लाळ्या-खुरकुताची. हा रोग अमेरिकेत १९२९ नंतर झालेला नाही, आपल्याकडे आहे. म्हणून आपल्याकडच्या दुधाच्या पदार्थांवर बंधनं आहेत. पण त्या नियमातच घट्ट चीज, लोणी आणि बटर ऑइल यांना सूट आहे, आणि बटर ऑइल म्हणजे आपलं तूपच. तेव्हा तूप नेता येतं. तरीही घरचं तूप स्टीलच्या डब्यात, लेबलाविना नेण्यापेक्षा कंपनीचा सीलबंद डबा न्या, अर्धा किलो पुरे. खरं तर तेवढाही नको. तिथे बिनमिठाचं लोणी चार कांड्यांच्या खोक्यात मिळतं, खोकं ४५४ ग्रॅमचं. एका खोक्यात साधारण ३५० ग्रॅम तूप निघतं आणि कढवायला पाऊण तास लागत नाही. विमानात तूप पातळ होतं, घट्ट होतं, झाकणातून झिरपतं आणि शेजारच्या शालूला लागतं, हा त्रास वाचेल. काही विमान कंपन्या तुपावर स्वतःचं वजनाचं बंधन घालतात, न्यायचंच ठरलं तर त्यांना आधी विचारा.

कंदी पेढा मात्र दोन नियमांच्या मधे बसतो. मिठाई म्हणून पाहिलं तर चालते, खवा म्हणून पाहिलं तर दूध. निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा. दुकानाच्या छापील खोक्यात, घटक लिहिलेले, सीलबंद अर्धा किलो न्या, ‘मिल्क स्वीट’ म्हणून सांगा आणि तो तिथे राहिला तर वाईट वाटून घेऊ नका. बासुंदी, चक्का, ओला खवा, घरचं पनीर असलं काही नको. चिकनच्या चवीचे सूपचे किंवा नूडल्सचे पुडे असतील तर तेही काढा, कारण मांसाचा अर्क असलेली पूडही मांसातच धरतात. सुकट-बोंबील नेणाऱ्यांसाठी जाता जाता : मासे चालतात. पण दोन देशांच्या तपासणीत पिशवी उघडली जाईल तेव्हा काय होईल, याचा विचार आपला आपण करावा.

गोवऱ्या नकोत. एप्रिल २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर एका सोडून दिलेल्या बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या होत्या आणि अमेरिकेच्या कस्टम्सने त्याचं रीतसर निवेदन काढलं होतं. कारण पुन्हा लाळ्या-खुरकूत. शेणखत, गोमूत्र, शेताची माती, सगळ्याचं तेच. धुरी देण्याचा आग्रह असेल तर तिथल्या घराचाही विचार करा. घरं लाकडाची, प्रत्येक खोलीत धुराचा गजर, ओवा-शेपा निखाऱ्यावर टाकला की तो ठणाणा करणार, आणि तान्ह्या बाळाजवळ धूर नको असंच तिथले डॉक्टर सांगतील. आणखी एक प्रश्न ते विचारतात, जो साताऱ्याकडच्या लोकांना हमखास लागू होतो : अलीकडे शेतावर, गोठ्यात गेला होता का, गुरांजवळ होता का? घरी गोठा असेल तर ‘हो’ म्हणा. चपला-बूट निघण्याआधी ब्रशने घासून, साबणाने धुऊन, वाळवून भरा. तळाच्या खाचांत माती राहिली तर त्या परत धुवायला लावतात.

बाळगुटीच्या सामानात वेखंड असतं. अमेरिकेत खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला १९६८ पासून बंदी आहे, त्यामुळे ते आणि त्याच्यासोबत लेबल नसलेली मुळं-काष्ठं सगळीच संशयात येतात. हळकुंड, जायफळ, सुंठ ही मसाल्यात मोडतात, ती न्या. बाकी उगाळायचं सामान नेण्याआधी मुलीला तिथल्या बालरोगतज्ज्ञाला विचारू द्या. बाळाला मध चाटवायचा नाही हे तर तो पहिल्या भेटीतच सांगेल, एक वर्षापर्यंत बोट्युलिझमचा धोका असतो. काजळाची डबीही राहू द्या. खाण्याची वस्तू नसली तरी शिशामुळे तिथे तिच्यावर बंदी आहे.

लाडवांचं. डिंकाचे लाडू हा या प्रवासाचा सर्वांत शहाणा पदार्थ. तळलेला डिंक, भाजलेलं खोबरं, खारकेची पूड, गूळ, ओलावा जवळजवळ नाही. महिनाभर टिकतात. आळिवाचे मात्र तिथे जाऊन करा. ओल्या नारळाचे असतील तर चार दिवसांत आंबतात, आणि तुमचा घरापासून घरापर्यंतचा प्रवासच दीड दिवसाचा. आळीव तिथे ‘हलीम’ किंवा ‘असालिया’ नावाने मिळतात, दुकानात ‘आळीव’ म्हणून विचाराल तर कोणाला कळणार नाही. डिंकाचे लाडू वळल्यावर रात्रभर उघड्या परातीत जाळीखाली गार होऊ द्या. कोमट असताना डबा बंद केला की झाकणाला आतून वाफ धरते, ती थेंबाथेंबाने वरच्या थरावर पडते आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. एकेक लाडू बटर पेपरात गुंडाळा आणि चपट्या पारदर्शक डब्यात एका थरात लावा. मोठ्या स्टीलच्या डब्यात चाळीस लाडू एकावर एक ठासले तर यंत्राच्या पडद्यावर तो एक काळा गोळा दिसतो आणि बॅग उघडली जाते.

लोणच्याच्या फोडी कोय काढलेल्या असू द्या. बरणी काचेची नको, जाड प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची. वर दोन बोटं जागा रिकामी ठेवा, कारण विमानाच्या सामानाच्या कप्प्यातल्या दाब-तापमानाच्या फेरात तेल वर चढतं. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर झाकण, झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे, मग झिपची पिशवी, मग दुसरी, दुसरी उलट्या तोंडाने. जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी, कडेला नाही. पिठं अर्धा-अर्धा किलोच्या जाड पारदर्शक पिशव्यांत उष्णतेने सील करून घ्या, किराणा दुकानदार किंवा मसाला गिरणीवाला ते करून देतो. खाण्याचं सगळं एकाच बॅगेत एकत्र ठेवा, चारही बॅगांत विखरू नका. अधिकाऱ्याला एक बॅग उघडायला लावणं आणि चार उघडायला लावणं यात तासाचा फरक आहे.

आता मैत्रिणींचे २० किलो. याला ‘नको’ हेच उत्तर आहे. स्वतःसाठी, कुटुंबासाठी आणि मित्रमंडळींनी खाण्यासाठी सोबत नेलेल्या अन्नाला तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागत नाही, पण अट अशी की ते विकायचं नाही. पैसे घेतले की ती सूट गेली. मग विमान पोचायच्या किमान चार तास आधी ऑनलाइन पूर्वसूचना, मालाचं वर्णन, बनवणाऱ्याची माहिती, कस्टम्समध्ये ‘व्यापारी माल’ म्हणून नोंद, हा सगळा पसारा मागे येतो. आणि एकसारख्या पिशव्यांत एकाच मसाल्याचे २० किलो हे प्रत्येकाला दुकानच वाटणार. ‘घरी खायला’ म्हणालात तर ते खोटं ठरेल आणि तुमच्या व्हिसावर सहा महिने राहायची परवानगी देणारा अधिकारी तोच किंवा त्याच्या शेजारचा आहे. मैत्रिणींना वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकीसाठी पाव किलोची पुडी भेट म्हणून न्या, पैसे न घेता. शेजाऱ्यांचं ‘आमच्या मुलासाठी एवढं पार्सल’ही याच न्यायाने. आत काय आहे ते तुमच्यासमोर उघडून भरलेलं नसेल तर घेऊ नका, बॅग ज्याच्या नावावर आहे जबाबदारी त्याची.

भाषेची काळजी मुलीकडून एक कागद करून घेऊन मिटवा. इंग्रजीत, ठळक अक्षरांत, पदार्थ आणि वजन, बॅगेच्या क्रमांकासह. मराठी नावांना तिथे अर्थ नाही. ‘भाजणी’ऐवजी ‘रोस्टेड मिक्स्ड ग्रेन फ्लोअर’, ‘मेतकूट’ऐवजी ‘रोस्टेड लेंटिल अँड स्पाइस पावडर’, ‘डिंकाचे लाडू’ऐवजी ‘कुक्ड स्वीट बॉल्स, एडिबल गम, डेट्स, जॅगरी, नो मीट’, कुरडयांना ‘ड्राइड व्हीट क्रिस्प्स, फॉर फ्राइंग’. तेच शब्द प्रत्येक पिशवीवरच्या चिठ्ठीवरही. कागदाच्या तीन प्रती : एक तुमच्या पर्समध्ये, एक यजमानांच्या खिशात, एक खाण्याच्या बॅगेत सगळ्यात वर. कागदी फॉर्म आता बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, तोंडीच विचारतात. ‘फूड?’ एवढं ऐकू आलं की ‘येस’ म्हणा आणि कागद पुढे करा. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाचं एकच निवेदन चालतं, दोघं एकत्रच खिडकीपाशी जा.

व्हीलचेअर घेणार असाल तर एवढं जपा. ढकलणारा मुलगा घाईत असतो आणि मदत म्हणून तुमच्या वतीने ‘नथिंग, नथिंग’ असं सांगून मोकळा होतो. त्याचं ‘नथिंग’ कागदोपत्री तुमचं होतं. त्याने तोंड उघडायच्या आधी कागद अधिकाऱ्याच्या हातात जायला हवा. अधिकाऱ्याने कृषी तपासणीकडे पाठवलं तर घाबरू नका, ती शिक्षा नव्हे. पिशव्या बघतात, चिठ्ठ्या वाचतात, एखादी काढून टाकतात. काढलेल्या पिशवीसाठी हुज्जत घालू नका, ती परत मिळत नाही आणि पुढचं विमान वाट बघत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी सगळी खाण्याची बॅग एकदा पलंगावर रिकामी करून कागदाशी ताडून पाहा. पर्स, कोटाचे खिसे आणि औषधांची पिशवीही तशीच पालथी करा. सुपारी, बडीशेप, कोणाच्या तरी लग्नातल्या अक्षता तिथेच सापडतात.